थंडीत मेलेले चाप

"ए चांदे! उठ! बहिरी झालीस का गं? पलीकडचे चाप मेले! सगळेच्या सगळे मेले! रातभर एक नाय वाजला! उंदरांनी जेवण केलं, हात धुतले नि ढेकर देत गेले! तेल लावतात, तेल! एवढ्या हिवात मोहटीचं तेल! हे कोणी शिकवलं, विचार जरा त्यांना!"

चांदी ही शेळी होती. तिनं विचारायचं ठरवलं असतं तर मलाच विचारावं लागलं असतं, कारण ओहोळाच्या अलीकडे 'त्यांना' म्हणण्यासारखं माणूस म्हणजे मी एकटी. ओरडत होता तो रावजी आजा, माझ्या बापाचा सख्खा चुलता. आमचं घर ओहोळाच्या या काठावर, त्याचं त्या काठावर. मधे अंतर एवढंच, की आमच्याकडे मिरची भाजली की तिकडे आजा शिंकायचा. पण बापाचं नि त्याचं बोलणं तुटलेलं होतं. काठावर एक मोहाचं झाड होतं, त्याची मुळं आमच्या बाजूला आणि फांद्या त्याच्या बाजूला. फुलं कोणाची यावरून दोघं पंचांसमोर भांडले, आणि मी तुझ्या घराशी बोलणार नाही, मीही तुझ्या घराशी बोलणार नाही, अशी दोघांनी आण घेतली. आजा आणेला पक्का. त्या अख्ख्या हिवाळ्यात तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. तो शेळीशी बोलायचा, आणि असा बोलायचा की लांबच्या डोंगरावरच्या सूर्यमाळ गावातल्या माणसांनी अंथरुणात उठून बसावं.

मी एकटी का होते, ते सांगते. दिवाळीनंतर भात झोडून झालं की आमच्या पाड्यातली माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, ती शिमग्याच्या आधी परत. आमच्या घरी मागे राहायचा तो माझा आजा, बापाचा बाप. तो त्या पावसाळ्यात गेला. आता घराला, दोन बैलांना आणि बियाण्याला कोण राखणार, असा विचार चुलीपुढं चालला होता. आई म्हणत होती की बियाणं मावशीकडे खालच्या पाड्यात ठेवू. मी तोंड घातलं. म्हटलं, मी राहते. आई म्हणाली, भिशील. मी म्हटलं, मी? वाघ आला तर त्याला आपल्या खैऱ्या बैलाच्या जोडीला नांगराला जुंपीन आणि दोन बिघे नांगरून घेऊनच सोडीन. माझं वय तेव्हा सोळा, दाखल्यावर पंधरा. तोंड मात्र साठ वर्षांच्या बाईचं होतं. आता सत्तरीला टेकले तरी तेवढंच आहे. बाप हसला. हसला आणि हो म्हणाला, आणि तिथंच माझी पंचाईत झाली, कारण फुशारकी मारताना माणसाला वाटत असतं की कोणीतरी नको म्हणेल.

जाण्याआधी बापानं मला मुड्यापुढं उभी केली. मुडा म्हणजे भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, वेलाच्या दोरानं आवळून बांधलेला बियाण्याचा गोल गठ्ठा. आत कोळपी भाताचं बी. पुढच्या पावसाळ्यात आमच्या वावरात जे काही हिरवं होणार होतं, ते सगळं त्या गठ्ठ्यात झोपलेलं. बाप म्हणाला, "बुधे, घर जळलं तर चालेल, हे राहिलं पाहिजे. उंदीर घरात शिरला की तो कोणाच्या बापाला ऐकत नाय. त्याला बाहेरच धरायचा, भिंतीच्या कडेला." मग म्हणाला, "आणि पलीकडच्याशी बोलायचं नाय. काय बी म्हणाला तरी उत्तर नाय द्यायचं. कणसरीची आण घे." कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. मी मुड्यावर हात ठेवून आण घेतली. मुड्यावर हात ठेवून घेतलेली आण मोडली, तर त्यातलं बी उगवत नाही असं आमच्याकडे मानतात. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. आई ट्रकमध्ये चढली, उतरली, मला मिठाच्या मडक्याची जागा सांगितली, जी मला जन्मापासून माहीत होती, आणि पुन्हा चढली. ट्रक वळणावर गेला तरी त्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घराला स्वतःचा असा एक आवाज आहे. कुडाच्या भिंतीतली कारवी वाळताना कुट् कुट् वाजायची. एवढंच.

त्या वर्षीच्या थंडीचं मी सांगायला लागले की माझी मुलगी म्हणते, आई, आपल्या मोखाड्यात कधी बर्फ पडत नाही. मी कुठं म्हणते पडलं? बर्फाला आमच्या पाड्यापर्यंत यायला रस्ताच नव्हता, म्हणून ते आलं नाही. थंडी मात्र चालत आली. कोंबडा पहाटे तीनदा तोंड उघडायचा तेव्हा एकदा आवाज निघायचा. खैऱ्या बैलानं सोडलेली वाफ अशी दाट असायची, की मी तिला टेकून दात घासायची. पेंढ्याच्या उडवीवर दव पांढरं पडायचं आणि नखानं ओरबाडलं तर कुरकुरायचं. हे शेवटचं खरं आहे. बाकीच्यातलं काय खरं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी नागलीच्या भाकरी एका वेळी दोन दिवसांच्या थापायची. एकटीसाठी रोज पीठ मळायला बसलं की हात आपोआप चौघांचं पीठ घ्यायचे, आणि मग उरलेल्या भाकरीकडे बघत बसावं लागायचं. रानातले करांदे कंद उकडायचे, कुळथाचं पाणी करायचं, सुकट भाजायची. सुकटीचा वास घरभर झाला की घरात कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

चापांचं आता नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा चाप म्हणजे हातभर लांबीची बांबूची पोकळ नळी. तिच्या पाठीवर बांबूचीच एक कांब वाकवून ताणलेली. कांबेच्या टोकाला दोरी, दोरीचा फास नळीच्या तोंडात बसवलेला, आणि आत एका काडीला भाजलेल्या सुकटीचा तुकडा. उंदरानं सुकट ओढली की काडी सुटते, कांब उसळते, फास आवळतो आणि दोरीला बांधलेली लाकडी गुल्ली नळीवर आपटते. सगळी करामत फास झरकन सरकण्यात. म्हणून बाप पावसाळ्यात अंबाडीच्या दोरीला मोहटीचं तेल चोळायचा. मोहटी म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. पावसाचं पाणी दोरीला लागत नसे, फास लोण्यासारखा सरकायचा. मी तेच केलं. बापानं केलं ते बरोबरच असणार, आणि मी बापापेक्षा दुप्पट हुशार, म्हणून तेलही दुप्पट लावलं. भिंतीच्या कडेनं चाप मांडले आणि सात घरांना ऐकू जाईल असं म्हटलं, या आता! सातही घरांना कुलपं होती.

मोहटीचं तेल थंडीत थिजतं. तुपासारखं नाही, मेणासारखं. सकाळी मी चाप बघायला गेले तर दोऱ्या काडीसारख्या कडक, फास जागच्या जागी ताठ, आणि सुकट गायब. कांबा दवानं भिजून मऊ पडलेल्या, त्यांच्यात उसळी राहिली नव्हती. उंदीर फासातून डोकं घालून, सुकट खाऊन, मागच्या मागे निघून गेले होते. एका नळीत तर त्यांनी लेंड्याही टाकल्या होत्या. मी दोऱ्या चुलीपाशी धरल्या, तेल पातळ केलं, आणखी तेल लावलं, पुन्हा मांडले. पुन्हा तेच. मुड्याच्या खालच्या पेंढ्यात कुरतडल्याच्या खुणा दिसायला लागल्या. पेंढा जाड होता, बी अजून आत होतं, पण दात लागले होते. त्याच सकाळी पलीकडून चांदीला हाक आली, जी मी सुरुवातीला सांगितली. मी दाराआड उभी राहून ऐकलं. उत्तर द्यायचं नव्हतं, पण ऐकायचं नाही असं आणेत कुठं होतं?

त्यानंतर रोज सकाळी चांदीची शिकवणी चालली. "चांदे, केस लागतो, केस! शेपटीचा! तुझी शेपटी बोटभर, तू काय कामाची? बैलाची लागते! केस दव नाय पीत, हिवाला नाय घाबरत!" दुसऱ्या दिवशी: "कांब चुलीवर टांग! धुरात! सांज झाली की ऊन ऊन काढायची नि लावायची! आणि गुल्लीला राख चोळ, राख! तेल खायला ठेव भाकरीसंगं!" तिसऱ्या दिवशी तो इतका वैतागला होता, की चांदी खरंच दाव्याला हिसडे देत ओरडायला लागली. "तोंडावर पान झाक, चांदे! पळसाचं! दव आत गेलं की संपलं! किती वेळा सांगायचं या शेळीला!"

मी खैऱ्याची शेपटी कापली. सगळी नाही, पण दोनदा कापली, आणि तिसऱ्यांदा नीट करायला गेले तेव्हा फारसं उरलं नाही. केस पाण्यात भिजवून, मांडीवर वळून फास केले. कांबा उतवाला, म्हणजे चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्याला, धुरात टांगल्या. दिवस मावळायच्या बेताला चाप काढायचे, घोंगडीखाली पोटाशी धरून बाहेर न्यायचे, म्हणजे अंगाची ऊब राहते, आणि बोटं बधिर व्हायच्या आत मांडायचे. बोटं बधिर झाली की फास कुठला आणि बोट कुठलं ते कळत नाही. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला अजून वळ आहे. गुल्लीला राख, नळीच्या तोंडावर छपरासारखं पळसाचं पान, पानावर खडा. त्या पहिल्या पहाटे, उजाडायच्या आधीच्या त्या वेळी जेव्हा थंडी सगळ्यात जड असते, भिंतीपलीकडून आवाज आला: ठप्. मऊ, दबलेला. आणि पलीकडच्या काठावरून लगेच, जणू तो माणूस रात्रभर कान लावून बसला होता: "पडला! चांदे, पडला!"

मला तेव्हा काय झालं ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. मी अंथरुणात उठून बसले आणि रडले. उंदीर पडला म्हणून नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझ्या घरात काहीतरी घडलं होतं आणि ते दुसऱ्या माणसाला कळलं होतं.

पुढं चाप चांगले चालले. ठप् झालं की पलीकडून आजा. आणि आजाला नुसतं 'पडला' म्हणून समाधान नसायचं. "केवढा गं चांदे! मांजराएवढा असणार! आवाजावरून सांगतो, मिशा वीतभर!" दुसऱ्या दिवशी तो कुत्र्याएवढा. आठवडाभरात त्याच्या उंदरांना शिंगं फुटली. माझ्याबद्दल लोक म्हणतात, बुधीबाई थापा मारते. मारते. पण ही विद्या मी ओहोळाच्या अलीकडे उभी राहून, शेळीच्या नावावर शिकले आहे.

मग उंदीर कमी झाले. पहिली पहाट अशी गेली की काहीच वाजलं नाही. पलीकडूनही काही नाही. मी भाकर भाजली, बैल सोडले, आणले, पाणी भरलं, संध्याकाळ केली. त्या दिवशी मी एक शब्दही ऐकला नाही. स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून मडक्याला म्हटलं, काय गं? मडक्यानं आण घेतलेली असावी. दुसरी पहाटही तशीच. तिसऱ्या पहाटे मी घोंगडी गुंडाळून बाहेर गेले, ओहोळाकडच्या अंगाचा चाप पाहिला. मांडलेला तसाच. मी एक काडी घेतली आणि नळीत घालून सुकट ओढली. ठाक्! "पडला!" लगेच आलं पलीकडून. "चांदे, पडला! आज तर रेडकू पडलं!" मी तिथंच दवात उकिडवी बसले आणि तोंडावर हात दाबून हसले. मी बोलले नव्हते. आणेत चापाचं नाव नव्हतं.

आताची गोष्ट सांगते. मी जव्हारला स्लॅबच्या घरात राहते, मुलगी नाशकात. ती कामात असते. मी तिला फोन लावते आणि एक रिंग झाली की बंद करते. मग ती करते. "आई, मिस कॉल होता, काही काम होतं का?" मी म्हणते, चुकून लागला गं, माझ्या बोटांना नीट कळत नाही. बोटांना सगळं कळतं.

तर मी रोज पहाटे तो चाप उडवायला लागले. कधी दिवेलागणीलाही. चाप उडवायचा आणि भिंतीला पाठ लावून आजाचं ऐकत बसायचं. बोलण्याच्या ओघात तो चांदीला काय काय सांगायचा: ओहोळाला कुठं पाणी राहिलंय, कुठल्या झाडाखाली कंद आहेत, त्याची बायको कशी गायची. ऐकून झालं की चाप पुन्हा मांडायला हवा. पण थंडीनं बोटं वळत नसायची, म्हणून मी म्हणायची, ऊन आलं की मांडू. आणि नेमका तोच चाप मुड्यामागच्या भिंतीचा होता.

एक दिवस मुड्याला हात लावला तर खालून बी सांडलं. मुठीएवढं भोक. जमिनीवर टरफलं. मी खाली बसले, एक एक दाणा फडक्यात वेचला, आणि बाप ट्रकमधून उतरून मुडा उचलतोय असं डोळ्यांपुढं दिसायला लागलं. तो मारणार नव्हता. तो काहीच बोलणार नव्हता, आणि पुढच्या पावसाळ्यात वावराच्या एका तुकड्याकडे रोज बघणार होता. मी वेलाचा दोर आणला, नवा पेंढा लावला, भोक बांधलं. माझी गाठ बापाच्या गाठीसारखी बसली नाही. मग मी स्वतःशी ठरवलं: बी राखायचं तर चाप उंदरासाठी. आजासाठी नाही. सगळे चाप दुप्पट काळजीनं मांडले आणि पहाटे घोंगडीत डोकं घालून पडून राहिले. काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उंदीर शहाणे झाले होते किंवा संपले होते. पलीकडे गप्प. अलीकडे गप्प. ते दिवस कसे गेले, ते मला खोटं घालूनही सांगता येत नाही.

मग एका सकाळी आवाज आला: "पडला!" मी धावत बाहेर. सगळे चाप पाहिले. सगळे मांडलेले, पळसाची पानं जागच्या जागी, पानांवर दव. एकही पडला नव्हता. मी ओहोळाकडे पाहिलं, धुकं. दुसऱ्या सकाळी पुन्हा. "पडला." या वेळी चांदीचं नाव नव्हतं, मांजर नव्हतं, रेडकू नव्हतं. आवाज असा, की मडक्याच्या तळाशी उरलेलं पाणी हलावं. धुकं वर गेलं तेव्हा मी आजाच्या छपराकडे पाहिलं. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी कौलांतून धूर निघतो. त्याच्या कौलांतून निघत नव्हता.

मी आत येऊन मुड्यापुढं बसले. गेले आणि बोलले, तर बी उगवणार नाही. गेले नाही, तर पलीकडे काय होईल ते मला कळत होतं. मी मुड्यावर हात ठेवला, काढला, ठेवला. मग मला चांदी आठवली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. मडक्यात निखारे घेतले, पदरात नागलीचं पीठ बांधलं, आणि ओहोळ ओलांडला.

आजा खाटेवर घोंगडी पांघरून थरथरत होता. अंग तव्यासारखं तापलेलं, चूल थंड, चांदी दारात बांधलेली आणि भुकेनं वेडी. त्यानं मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी चांदीपुढं बसले.

"चांदे," मी म्हटलं, "तुझ्या धन्याला विचार, पेज पिणार का?"

घोंगडीतून आलं: "चांदे, तिला म्हण, मीठ कमी घाल."

"चांदे, त्यांना सांग, मिठाचं मडकं कुठंय ते तरी सांगा."

"चांदे, चुलीमागं. डोळे आहेत का बटणं, विचार तिला."

"चांदे, बटणं असती तर सदऱ्याला लावली असती म्हणावं. त्यांच्या सदऱ्याला एक बी बटण नाय."

घोंगडी हलली. ताप होता की हसू, ते कळलं नाही. मी चूल पेटवली, पेज केली, त्याला टेकवून बसवून पाजली. ताप उतरेपर्यंत मी दिवसा तिकडे आणि मावळतीला इकडे, त्याच्या चुलीवर शेकलेले चाप पोटाशी घेऊन ओहोळावरून उड्या मारत. चांदीनं त्या दिवसांत इतके निरोप वाहिले, की पोस्टातली नोकरी तिला सहज मिळाली असती. आणि बी राहिलं. पुन्हा दात लागला नाही. पहाटे कधी ठप् झालं तर आता पलीकडचा आवाज हळू यायचा, पण यायचा.

शिमग्याच्या आधी ट्रक आला. आई उतरली आणि माझ्या गालांना हात लावून बघत राहिली. बाप सरळ मुड्यापाशी गेला. उचलला, हलवला, वास घेतला. खालच्या गाठीवर बोट ठेवलं. "ही कोणाची?"

"माझी. एकदा शिरला होता. मूठभर गेलं."

त्यानं माझी गाठ ओढून घट्ट केली. मग बैलांकडे गेला आणि थांबला. "याची शेपटी कोणी खाल्ली?"

"चापांनी."

त्यानं एक चाप उचलला. केसाचा फास बोटावर घेऊन सरकवला, पुन्हा सरकवला. केसाचे फास करणारा पाड्यात एकच माणूस होता, आणि बापाला चाप करायला त्यानंच शिकवलं होतं; पावसाळ्याचं शिकवून झालं, थंडीचं शिकवायच्या आधी मोहाचं झाड आडवं आलं. "बुधे," बाप म्हणाला, "तू त्याच्याशी बोललीस?"

"कणसरीची आण, नाय. शेळीशी बोलले."

बापानं चाप खाली ठेवला. मग तो अंगणात गेला, ओहोळाच्या कडेला उभा राहिला, घसा खाकरला. मला वाटलं आता भांडण. तो ओरडला, "ए चांदे! शिमग्याला जेवायला आमच्याकडे ये म्हणावं तुझ्या धन्याला! ऐकलंस का गं?"

बापाचे कान लाल झालेले मी पाहिले. मग शेळी ओरडली. ती आपणहून ओरडली की कोणी तिचा कान पिळला, ते मला माहीत नाही, पण मला अंदाज आहे.

शिमग्याला आजा आला, चांदीला बरोबर घेऊन, कारण आवतण तिला होतं. बाप आणि तो शेजारी बसून जेवले आणि आई वाढत राहिली. मोहाच्या झाडाचा विषय कोणी काढला नाही. त्या पावसाळ्यात बी असं उगवलं, की आमच्या वावरातून चालताना रोपं पायांना वर उचलून धरायची. पण ते नंतरचं. त्या दिवशी जेवण झाल्यावर आजा अंगणात सुपारी कातरत बसला होता. शेळी लांब बांधलेली होती. दोघं एका पंगतीला जेवले, म्हणजे आता आण राहिली नव्हती. मी त्याच्याजवळ बसले आणि पहिल्यांदा, थेट, त्यालाच विचारलं.

"आजा, मी चाप काडीनं उडवायची. रिकामा. तुम्हाला कधी कळलं?"

त्यानं सुपारी तोंडात टाकली, चावली.

"उंदीर असला की दबका वाजतो," तो म्हणाला. "तुझे बहुतेक खणखणीत वाजायचे."